रिकामंच आहे गं

— नाही गं, हसू नकोस, मान हलते आणि कात्री माझ्या हातात आहे. खरंच सांगते, गेले होते मी त्या वर्गाला! मी, लर्लीन, जिला झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढावं लागतं — ती पिस्तूल शिकायला, लपवून बाळगायचा परवाना काढायला! अग्निशमनवाल्यांच्या हॉलमध्ये होता वर्ग, आणि शिकवायला कोण, तर हॉलिस. निवृत्त पोलीस. पोट एवढं सुटलंय की कमरेचं पिस्तूल त्याचं त्यालाच दिसत नाही — तो काय लपवणार, ते आधीच लपलेलं! बरं, मला पाठवलं कुणी? माझ्या नवऱ्यानं, रॉइसनं. ‘जा की, तेवढंच हसायला होईल,’ म्हणाला. हसायला त्याला फार आवडतं.

तर हॉलिसनं एकेकाला विचारलं, कशासाठी आलात? इथला एक दातांचा डॉक्टर आहे — त्यानं पिस्तूल आणलं होतं मखमलीच्या पेटीत, नवरीचे दागिने आणावेत तसं — तो म्हणे, टल्सा शहरातून चोर येतात. माझी गिऱ्हाईक शेरिल, तिचं पिस्तूल गुलाबी, नखांना शोभेलसं. नखं मीच रंगवलेली, म्हणून गप्प बसले — तिचेही चोर टल्साचेच. अगं, या गावात पेट्रोल भरायला कुणी थांबत नाही, चोरी करायला एवढ्या लांबून कोण येतंय? पण नाही, सगळ्यांचा वैरी लांब राहणारा. घरात म्हणून कुणाचा नाही! म्हातारी व्हर्ना तेवढी म्हणाली, ‘माझं मला माहीत,’ आणि विणकाम करत बसली.

मग हॉलिसचा पहिला नियम. पिस्तूल नेहमी भरलेलंच समजायचं, आणि ज्याला मारायचं नाही त्याच्यावर नळी रोखायची नाही — गमतीतसुद्धा नाही. आणि माझं हे तोंड! पटकन विचारून बसले, ‘आणि रिकामं असलं तर?’ तो म्हणाला, ‘रिकामं पिस्तूल नसतंच, बाई.’ मी म्हटलं, ‘पण रोखणाराच सांगत असेल, रिकामंच आहे म्हणून?’ झालं! डॉक्टरच्या तोंडातला डोनट तोंडातच. हॉलिस म्हणाला, ‘कोण रोखतं, लर्लीन?’ मी म्हटलं, कुणी नाही हो, सिनेमात पाहिलं होतं. तर ही व्हर्ना, सुईवरनं नजर न काढता, हळूच म्हणते — ‘मीही पाहिलाय तो सिनेमा.’

अशी आरशातून बघू नकोस माझ्याकडे. गंमत असायची रॉइसची. जेवण गार झालं, बहिणीशी फोनवर जरा जास्त बोलले, की आणायचा ड्रॉवरमधलं आणि मागून डोक्याला लावायचा — ‘घाबरतेस काय, रिकामंच आहे गं!’ आणि मग हसायचा. मीही हसायचे. हसल्याशिवाय खाली घ्यायचा नाही ना.

बाकी हॉलिसच्या पिस्तुलानं नेम माझाच सगळ्यांत चांगला लागला हं! हॉलिस तो नेमाचा, भोकं पडलेला कागद धरून म्हणाला, कुणाला आणलं होतंस डोळ्यांसमोर? म्हटलं, टल्साच्या चोराला.

घरी आले, तर रॉइस हजर. मी भेंडी तळतेय, आणि मानेला गार लागलं. ‘काय नेमबाज, काय शिकलीस?’ मी गॅस बंद केला. म्हटलं, दे, दाखवते. दिलं की त्यानं, हसतहसत! मी नळी भिंतीकडे केली, खालची गोळ्यांची पट्टी काढली — ती खरंच रिकामी. तो म्हणाला, ‘बघ!’ मग हॉलिसनं शिकवलं तसं वरचं झाकण मागे ओढलं, आणि आतून टप्पकन एक गोळी पडली. फरशीवर गडगडत गेली पार फ्रिजखाली.

रॉइस वाकून फ्रिजखाली बघायला लागला. ‘कुणी भरली?’ म्हणे. कुणी भरणार — उंदरांनी? त्याला माहीत होतं की नव्हतं? तूच सांग. नको, नको सांगूस. माहीत असलं तरी मेले असते, नसलं तरी मेलेच असते.

पण आता मजा बघ! माझा परवाना आला. पर्स घेऊन हिंडते घरभर, न्हाणीघरातसुद्धा. स्वयंपाकघरात यायच्या आधी खोकतो तो! भेंडी करपली तरी ‘छान झालीय’ म्हणतो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी रात्रभर झोपते. आणि पर्समध्ये काय आहे ठाऊक आहे? — इकडे ये, कान दे — केस कुरळे करायची जुनी सळई! पिस्तूल मी घेतलंच नाही गं. हातात धरलं की ओकारी येते मला. व्हर्नालासुद्धा सांगितलं नाही हे. तू गावात नवीन, तुला कोण ओळखतंय, म्हणून —

हॉर्न कोण वाजवतंय? तुझा नवरा? तो, निळ्या ट्रकमधला? अगं, तो तर कोल्बी... रॉइसबरोबर हरणांच्या शिकारीला जातो, तो कोल्बी. कालसुद्धा आमच्या ओसरीवर बिअर पीत बसला होता.

...

झालं. ऊठ. मागचे केस घरी जाऊन बघ. जा म्हणते ना.