लोडरच्या खुर्चीखाली

मी, आयनार थ्यूसेन, वय ७४ वर्षे, व्यवसाय – निवृत्त शिक्षक, विषय तर्कशास्त्र, रा. स्टोहोल्म, व्हिबोर्गजवळ, डेन्मार्क, ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की,

माझा मुलगा त्रोल्स, वय ३९, झाडांच्या छाटणीची व तोडणीची कामे घेतो. ओंडके हातगाडीवर ओढून त्याची पाठ गेली आहे. बागेच्या फाटकातून आत जाईल व हिरवळ चिरडणार नाही असा छोटा लोडर त्याला हवा होता. नवा त्याच्या आवाक्यात नव्हता. जाहिरातीत जुना पाहून त्याने मला सोबत नेले. तो लोडर चोरीचा निघाला असून जप्त आहे. त्रोल्सने तो फसून घेतला की जाणूनबुजून, एवढ्यापुरतीच माझी साक्ष आहे.

विकणाऱ्याने आपले नाव प्रेबेन असे सांगितले. त्याने आम्हाला शेतघराच्या अंगणातच उभे ठेवले व पेट्रोल पंपावरच्या कागदी पेल्यांतून कॉफी दिली. आमच्या भागात व्यवहाराआधी गिऱ्हाइकाला स्वयंपाकघरात टेबलाशी बसवतात. मी कारण विचारले. "बायको रात्रपाळी करून झोपलीये," तो म्हणाला. एकाही खिडकीला पडदा नव्हता. ज्या घरात याला पाहुणा नेता येत नाही ते घर याचे नसावे, असे मी त्रोल्सला बाजूला घेऊन सांगितले.

तो म्हणाला, "बाबा, कॉफी गरम आहे ना? मग प्या. तुम्हाला वर्गातसुद्धा चोरच दिसायचे."

लोडरवरील क्रमांकाची पट्टी खरवडलेली होती. ती मी दाखवली. "फांद्या घासतात," असे उत्तर प्रेबेनने नव्हे, त्रोल्सने दिले.

प्रेबेनने दोनदा चावी फिरवली. लोडर सुरू झाला नाही. त्रोल्स म्हणाला, "सरक रे जरा." त्याने चावी फिरवताच तो सुरू झाला.

"बघा आजोबा, यंत्रानं मालक ओळखला!" प्रेबेन हसला. त्रोल्स हसला नाही.

ज्या अर्थी विकणाऱ्याला यंत्र सुरू करता येत नाही, त्या अर्थी ते त्याचे नाही, असा निष्कर्ष मी तेव्हा काढला. घेणाऱ्याला ते कसे आले, हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला नाही.

आज ठाण्याच्या आवारात मूळ मालक गुडमुन होल्स्ट यांनी माझ्यासमक्ष लोडर ओळखला. ते म्हणाले, "खुर्चीखालचं बटण सैल झालंय. डावीकडून मूठ दाबून धरल्याशिवाय ही बया जागची हलत नाही. माझ्याकडे राबलेल्यांनाच ते ठाऊक." या गृहस्थांना आपण ओळखत नाही, असे त्रोल्सने येताना गाडीत मला सांगितले होते. तो असेही म्हणाला होता, "विचारतील तेवढंच सांगा हं बाबा. तर्क नका लढवू."

लोडर कसा सुरू झाला, असे विचारल्यावरून सांगतो की, त्रोल्सने डावी मूठ खुर्चीखाली घालून दाबून धरली होती. तसे करण्यास त्याला कोणी सांगितले नव्हते. यावरून मी काही निष्कर्ष काढत नाही. ते काम तपास अंमलदारांचे आहे. त्रोल्सची पाठ खरोखर दुखते, एवढे नोंदवावे.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. "डावी मूठ खुर्चीखाली घालून" या शब्दांआधी "न पाहता" हे शब्द राहिले होते. ते माझ्या सांगण्यावरून येथे नोंदवले आहेत. आता मजकूर बरोबर आहे.