नव्वद वाचतात

बाबा : पुन्हा सांग. शंभरातले किती?

मुलगी : नव्वद वाचतात, बाबा.

बाबा : इतके वाचतात? मग तुझी पुस्तकं दुकानात धूळ खात का पडतात?

मुलगी : थट्टा पुरे. त्या संमतिपत्रावर सही करा. नर्स दोनदा येऊन गेली.

बाबा : डॉक्टर 'वाचतात' म्हणाले नव्हते. डोळे मिटले होते माझे, कान नव्हते मिटले. हृदयाची झडप बदलताना शंभरात दहा दगावतात, म्हणाले. नुसत्या गोळ्यांवर राहिलो तर दोन-तीन वर्षं निघतील.

मुलगी : दहा काय, नव्वद काय, एकच ना?

बाबा : आकडा एकच, पण 'दगावतात' ऐकलं की माणूस मागे सरतो. 'वाचतात' ऐकलं की पेन मागतो. माणसं निर्णय कसे घेतात त्या पुस्तकाचं चौथं प्रकरण. अनुवाद तुझा, मुद्रितं तपासली मी. त्या पानावर एक वेलांटीही चुकली होती.

मुलगी : तुमच्यापुढे हातचलाखी चालायची नाही.

बाबा : चाळीस वर्षं लोकांच्या चुका शोधून पोट भरलं. लेकीची बरी सुटेल?

मुलगी : मग नका करू सही!

बाबा : चिडतेस काय? पाणी दे. अगं, दोन्ही हातांनी धर, सांडतंय.

मुलगी : एसी फार आहे इथे.

बाबा : हो, एसीच. मलाही सकाळपासून भरलाय, पार नखांपर्यंत.

मुलगी : बाबा...

बाबा : ते पुस्तक ठेव खुंटीला टांगून. तू सांग. करू का?

मुलगी : माझ्या सांगण्यावर जाऊ नका. भ्यालेल्या माणसाचा सल्ला घेऊ नये, असं...

बाबा : सातवं प्रकरण.

मुलगी : हो.

बाबा : म्हणजे भ्यालीयेस.

मुलगी : छे. मी आपलं सर्वसाधारण म्हटलं.

बाबा : बघ हं. 'नको' म्हणालीस तर आत्ता उठतो.

मुलगी : ...शंभरातले नव्वद, बाबा.

बाबा : आण पेन. आईनं विचारलं तर सांग, माझं मी ठरवलं.

(सहा दिवसांनी. घरी बाबांच्या टेबलापाशी आई आणि मुलगी.)

आई : सुतळी धर. ही मुद्रितं छापखान्यात परत पाठवायचीत.

मुलगी : राहू दे ना इथेच.

आई : नको गं. अडलेलं काम त्यांना खपायचं नाही. स्मशानातून आल्यावर मामा विचारत होता, ऑपरेशनचं ठरवलं कोणी. म्हटलं, त्यांनीच. त्यांना कोण शिकवणार?

मुलगी : त्यांनी मला विचारलं होतं, आई. करू का म्हणून.

आई : मग?

मुलगी : नव्वद वाचतात, म्हटलं.

आई : खोटं थोडंच होतं ते?

मुलगी : खोटं नव्हतं.

आई : झालं तर. माझ्या तोंडूनही तेच निघालं असतं.

मुलगी : पण मला ते म्हणायचं नव्हतं.

आई : मग काय म्हणायचं होतं? सोड ती सुतळी. बोटाला काचतेय. बोल.

मुलगी : मला फार भीती वाटतेय, बाबा. नको. घरी चला.