मास्तरांचा खोकला

परदेशी चित्रपट संपला, तेव्हा कुठे ऑपरेटरच्या लक्षात आलं की आवाज आपण चालूच केला नव्हता. दोन तास सगळा मुका कारभार! पण चित्रपट गंभीर, खाली भाषांतर. कुणी चकार शब्द काढला नव्हता. तरी बोलणी खायच्या तयारीनं तो दाराशी उभा राहिला. दोन म्हातारे वादक बाहेर पडत होते.

"ती विधवा दार लावते, तिथलं व्हायोलिन ऐकलंस?"

"थेट आपले मास्तर! आपल्या हाती व्हायोलिन दिलं ते त्यांनीच पहिल्यांदा."

"जाऊन बारा वर्षं झाली रे."

"आणि वाजवण्याआधीचा तो खोकला? अगदी तस्साच!"

"खोकला पडद्यावरचा नव्हता."

"मग?"

"आपल्या मागच्या खुर्चीतून आला. मी काही वळून पाहिलं नाही, बाबा."