खिडकीखाली

(ब्राझीलमधल्या मिनासच्या डोंगरातलं, सोन्याच्या खाणींच्या काळी वसलेलं एक जुनं गाव. आजच्या काळातली एक संध्याकाळ. दोना फिलोच्या पाहुणघराची रस्त्यालगतची खिडकी. आत कोरिना, तिच्या मागे स्वयंपाकघरात दोना फिलो, बाहेर दगडी रस्त्यावर जेनेसियो. 'दोना' म्हणजे बाई, 'सेऊ' म्हणजे राव.)

जेनेसियो : ...म्हणून मी टोपी काढली, वाकलो आणि म्हणालो, "शुभ संध्याकाळ, सुंदरी."

कोरिना : कुणाला?

जेनेसियो : तुलाच! म्हणजे मला वाटलं, तूच. त्या पलीकडच्या खिडकीत गालाला हात लावून बसली होती.

कोरिना : ती मातीची आहे, जेनेसियो.

जेनेसियो : ते मला खांद्यावर हात ठेवल्यावर कळलं.

कोरिना : हात ठेवलास? पहिल्याच भेटीत?

दोना फिलो : सगळेच फसतात हो, सेऊ जेनेसियो. माझ्या मुली लग्न होऊन गेल्या आणि खिडक्या ओस दिसायला लागल्या, म्हणून बसवल्या त्या बाहुल्या. पण टोपी काढणारे तुम्ही पहिलेच.

जेनेसियो : हसा, हसा. विश्रांतीला आलोय म्हणे मी! मागे पेरूच्या झाडाला कापडी झोळी टांगलेली आहे, तिच्यात पडायचं सोडून या वयात रस्त्यात उभा आहे.

कोरिना : कुणी सांगितलं होतं? "तुझ्या गावी जाऊ, तिथे निवांत विचार कर आणि लग्नाचं सांग," असं तूच म्हणालास ना?

जेनेसियो : म्हणालो. उभं राहून ऐकीन असं नव्हतो म्हणालो.

दोना फिलो : गुडघे दुखत असतील हो त्यांचे. सेऊ जेनेसियो, कॉफी झालीय, आत...

कोरिना : थांबा, दोना फिलो! ते तुम्ही नाही म्हणायचं.

दोना फिलो : अगं बाई! खरंच की. चुकले.

जेनेसियो : आता कॉफीनं काय केलं?

दोना फिलो : आमच्या गावची जुनी रीत आहे ती. मुलगी खिडकीत, मुलगा रस्त्यात. महिनोन्‌महिने नुसतं बोलायचं. मग एखाद्या दिवशी आतून कुणीतरी म्हणायचं, "कॉफी झालीय, आत या." म्हटलं की ठरलं. पुढच्या रविवारी चर्चमध्ये सगळ्यांना माहीत.

जेनेसियो : आणि नाही म्हटलं तर?

दोना फिलो : तर कॉफी गार व्हायची. मी पेरूच्या वड्या बघते, खाली लागतील.

जेनेसियो : गेल्या त्या. बोल आता.

कोरिना : मी काय बोलू? रस्त्यात उभं राहणाऱ्यानं बोलायचं असतं.

जेनेसियो : बरं. आज दलिलाचा फोन आला होता. कुरितिबाला तिनं माझ्यासाठी खोली रंगवून ठेवलीय, निळी. म्हणाली, "बाबा, येताय की नाही, आज रात्री नक्की सांगा. नाहीतर खोली भाड्यानं देते."

कोरिना : ऊन येतं का त्या खोलीत?

जेनेसियो : सकाळचं. नातवंडं आहेत. वाईट नाही काही.

कोरिना : मग जा की.

जेनेसियो : जाईन. तू नाही म्हणालीस तर.

कोरिना : माझा रुई म्हणतो, "आई, तुला नवरा मिळत नाहीये, पेशंट मिळतोय." औरेलियोही नवराच होता, त्याला मी चमच्यानं भरवलं रे, शेवटपर्यंत. मला पुन्हा कुणाच्या गोळ्या मोजायच्या नाहीत.

जेनेसियो : माझ्या मीच घेतो.

कोरिना : काल विसरलास.

जेनेसियो : काल तुझ्याबरोबर चौकातल्या कारंज्याच्या काठावर बसलो होतो. कुणाला आठवतील? बरं, खोटं नाही बोलत. एक दिवस मी पडेन आजारी. नाही पडणार असं कसं सांगू?

कोरिना : निदान गोड बोलायचं तरी. खिडकीखाली सगळे गोड बोलायचे. ते समोर चीजचं दुकान दिसतंय ना, ते आमचं घर. चौघी बहिणी आणि रस्त्यावर उघडणारी एकच खिडकी. थोरलीचं जमलं, मग दुसरी बसली, मग एर्मिनिया. मी मागे दिव्याशी शिवत असायची. बाहेर कुणी आलं की फक्त टोपी दिसायची मला.

जेनेसियो : आणि तुझा नंबर?

कोरिना : बाबांनी घर विकलं. शहरात औरेलियो आला, तो थेट बाबांबरोबर, पुढच्या दारानं. चांगला होता. पण रस्त्यात कुणी उभं राहिलं नाही माझ्यासाठी.

जेनेसियो : मी आलो असतो. कोळशाच्या आगगाडीनं, धुरानं तोंड काळं झालं असतं तरी.

कोरिना : आणि एर्मिनियाच्या प्रेमात पडला असतास. सगळे पडायचे. केस होते तिचे कमरेपर्यंत.

जेनेसियो : टोपी काढली असती तिच्यापुढे. म्हणालो असतो, "ताई, जरा सरका बाजूला. मागे दिव्याशी कुणी शिवतंय, मी तिच्यासाठी उभा आहे."

कोरिना : थांब, रुमाल कुठे ठेवला मी...

जेनेसियो : काय झालं? चुकलं का? मघासारखं?

कोरिना : नाही.

जेनेसियो : धुकं उतरायला लागलं बघ. चर्चचा मनोरा अर्धाच उरला. तू पण धूसर दिसतेस. बाहुली तर नाही ना?

कोरिना : हात लावून बघ.

जेनेसियो : लावू? रीतीत बसतं?

कोरिना : दोना फिलो! अहो, कॉफी आहे का?

दोना फिलो : गार झाली की हो!

कोरिना : मग गरम करा. जेनेसियो...

जेनेसियो : अं?

कोरिना : कॉफी होतेय. आत ये. असा काय उभा राहिलास? ये ना.

जेनेसियो : येतो. येतो गं. फक्त... या धुक्यात दार कुठल्या बाजूला आहे, कोरिना?