मिरीची कात्री अन् जनकाबाईची पोत

…अन् हसून काय राहिले तुमी? कळमनुरीपासून सेनगावापर्यंत प्रोटीनवर पहिला प्रयोग म्याच केला! बरं, प्रोटीन नव्हतं, बायकोच्या गळ्यातली मंगळसूत्राची पोत व्हती… पण कात्री तर माझ्याच हातात व्हती का न्हाई?

तुमाला सांगतो, नात मिरी हैदराबादच्या प्रयोगशाळेतून सुट्टीत आली, तोंड एवढंसं. म्हणलं, काय झालं गं? म्हणे, "आबा, प्रोटीन म्हणजे मण्यांची माळ. मधला तुकडा कापून राहिलेली टोकं जोडायची, गाठ दिसू द्यायची नाही." म्हणलं, एवढंच? मधलं काढायचं, टोकाला टोक जोडायचं! "एवढंच नाही ना! कापलं जातं, जोडलं जात नाही. पण पाणी कमी केलं, तर कापणारं एन्झाइमच जोडायला लागतं. तेच आम्ही सुधरवून राहिलोय."

घ्या! कात्रीच जोडते! मंग आपल्या घरच्या कात्रीनं काय पाप केलं?

इकडं आमची जनकाबाई भिंतीला टेकून घोरून राहिली. सांजंच्या जीपनं कनेरगावला जायचं, सख्ख्या भावाच्या पोरीचं लग्न! पोतीतला एक पिचका मणी तिला सकाळपासून टोचून राहिला व्हता. म्हणलं, नातीचं बी काम, बायकोचं बी काम… मधलं काढायचं, टोकाला टोक जोडायचं! खच्च!

अवो, मणी थांबतेत व्हय? काही चुलीत, काही बाजेखाली, दोन तर कोंबडीनं गिळले! मधलं बी गेलं, टोकं बी गेली! मिरी रांगत रांगत मणी वेचून राहिली अन् म्हणे, "आबा, माळ तुटून मणी न् मणी सुटा झाला, की आमच्याकडं त्याला पूर्ण पचन म्हणतात!" हसून हसून पोरीच्या डोळ्यांत पाणी. म्हणलं, पाणी कमी कर गं, जोडायचं हाय!

तेवढ्यात बाहेर जीपवाल्या चाँद पाशानं भोंगा वाजवला. जनकाबाई दचकून उठली, हात गेला गळ्यावर…

"अवो! नवरा जित्ता असून उघड्या गळ्यानं भावाच्या दारात जाऊ? बाया इचारतील, तर काय सांगू?"

आता आली का पंचाईत? म्या आपलं हळूच म्हणलं, "सांग की, दुरुस्तीला टाकली."

लुगड्याचा पदर गळ्याभवती घट्ट गुंडाळला तिनं, अन् जीपीत चढता चढता म्हणते, "सांगते ना! पोत टाकली ओवायला पटवेकऱ्याकडं अन् नवरा टाकला मिरीच्या प्रयोगशाळेत. पोत तेवढी सुधरंल!"