उमरोळी गाळलेली मोजणी

(बोईसर. धीरजच्या खोलीत कॉम्प्युटरवर 'खाडीपार' या प्रोग्रेसिव्ह रॉक बँडचं जुनं रेकॉर्डिंग लागलं आहे.)

नरहरी : पुन्हा लाव. तिथपासूनच... वा! धीरज, इतकी वर्षं मला छळणारी चूक तू पार पुसून टाकलीस बघ.

धीरज : तुमचा कीबोर्ड आधीच घुसला होता काका, तो जरा मागे सरकवला. रविवारी बाबांच्या वर्षश्राद्धाला हे सगळ्यांना ऐकवायचं, मग चूक कशाला ठेवायची?

नरहरी : चूक माझी नव्हती रे. तुझा बाप एकनाथ ड्रमवर सातची मोजणी आकड्यांनी नाही, स्टेशनांनी करायचा. सफाळे, केळवे, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव, डहाणू. डहाणू आलं की आम्ही सगळे सुटायचो. त्या दिवशी एडवणच्या मांडवात पठ्ठ्या उमरोळीला गप्प बसला. माझा हिशेब चुकला आणि हात पडला. बँड अजून वाजवतो आणि अजून मला 'विदाउट तिकीट' म्हणतो.

धीरज : ती जागाही भरली मी. पालघरच्या कार्यक्रमाच्या कॅसेटमधून बाबांची 'उमरोळी' उचलली आणि इथे बसवली. आई, ये ना. ऐक.

जमना : लाव... हे एडवणचं नाय.

धीरज : एडवणचंच आहे.

जमना : एडवणला तुज्या बाबांनी उमरोळी म्हटलीच नाय. मी होते तिथं, खांबाला टेकून.

नरहरी : वहिनी, तुम्ही कधी आमच्या कार्यक्रमाला यायचा नाहीत. वीस-वीस मिनिटांची गाणी, तुम्हाला झोप यायची.

जमना : ते लग्नानंतर. तवा मी उमरोळीची पोर होते. बापानं वापीचं स्थळ बघलेलं. आता माजा नाद सोडा, असं यांना सांगायला गेलते. मांडवामागं सांगितलंपन. यांनी काठ्या घेतल्या नि वर चढले.

धीरज : मग?

जमना : मग मोजायला लागले. पालघर झालं, नि पुढं तोंडातून शब्दच निघंना. नुसती काठी वाजली. तवा कळलं मला. घरी जाऊन बापाला सांगितलं, वापीला मी जायची नाय.

नरहरी : आणि एकनाथ जन्मभर आम्हाला सांगत राहिला, खोकला आला होता म्हणून.

जमना : मलापन तेच सांगितलं.

धीरज : मला काय माहीत, आई. बँडचे नऊ अल्बम आहेत, एकातही बाबांचा आवाज नाही. स्टुडिओत मोजणी कापून टाकायचे. या लाइव्ह कॅसेटींतच तेवढे बाबा बोलतात. म्हटलं, निदान पूर्ण तरी बोलू देत.

जमना : तुजं चुकलं नाय, बाला. पन बोलताना ते सगल्या कॅसेटींत हायत. गप्प राहिलेले तेवढे एडवणलाच.

नरहरी : धीरज, काढ ती उमरोळी.

धीरज : ती जागा मी पुसूनच भरलीय, मग मूळ कॅसेटच लावावी लागेल, काका. तुमची चूकही परत येईल. रविवारी सगळे हसतील.

नरहरी : हसू देत. विदाउट तिकीट तर विदाउट तिकीट.

धीरज : बरं. ऐक आई, हे मूळ. सफाळे... केळवे... पालघर...

जमना : हां. हितं मी हाय.