सुतारावर उजेड कमी

(कळंब. सुतारकाम करणाऱ्या संपतचं घर. भर दुपारी दारं लावून एकच खिडकी उघडी. हर्षाली कॅनव्हासपुढं, आईबाप समोर स्टुलांवर.)

हर्षाली : आप्पा, महिनाभर वाढवलेली दाढी गेली कुठं?

संपत : चित्रात बसायचं म्हणल्यावर तशाच अवतारात बसू व्हय? सकाळीच सलूनला जाऊन आलो. कलप बी लावला.

हर्षाली : मला म्हातारा सुतार हवा होता हो!

कल्याणी : तिकडं शेजारची साळुबाई दार वाजवून गेली. म्हणती, दिवसाढवळ्या दारं लावलीत, कुनी आजारी हाय का?

हर्षाली : आई, हलू नको. संध्याकाळपर्यंत बडोद्याच्या कॉलेजला प्रवेशासाठी चित्र पाठवायचंय.

संपत : पाठव की. जायचं का न्हाई ते मंग बगू.

कल्याणी : महिनाभर तुमचं 'मंग बगू'च चाललंय.

संपत : तू चित्रात येशूची आई झालीस ना? मग जरा शांत बस. हर्षे, ज्याच्यावरनं काढतीस ते मूळ चित्र दाव बरं मोबाईलवर. ह्यो कोपऱ्यातला सुतार व्हय? नुसतं नाक दिसतंय राव!

हर्षाली : तो जोसेफ, येशूचा बाप. चारशे वर्षांपूर्वी युरोपात असंच काढायचे. उजेड बाळातून निघतो, म्हणजे देवातून. आईवर पडतो, आणि उरलासुरला बापावर.

संपत : आपल्याकडं फ्लेक्सवर असा छापला असता, तर भावकी उठली असती.

कल्याणी : आन् बाळाजवळ ती फळी कशाला?

हर्षाली : पुढं लाकडाच्या क्रुसावरच त्याला मारतात. त्याची ती खूण.

संपत : सुताराच्या घरात? बापाला ठावं व्हतं?

हर्षाली : नाही. तो आपला रंधा मारतोय.

संपत : लेकरू उंबऱ्याबाहेर गेलं की बापाला काय कळतंय? म्हणून तर भ्या वाटतं मला. बडोदं काय आळेफाट्याला हाय?

हर्षाली : भीती मलाही वाटते, आप्पा. पण जायचंय.

संपत : थांब, तुझं चित्र जवळून बघू दे. बाळ कुनाचं काढलंस?

हर्षाली : मीच आहे. बारशातल्या फोटोवरून काढलंय.

संपत : मग असं काळवंडलंय का?

हर्षाली : तुम्ही खिडकीपुढं उभे आहात ना.

संपत : आगं, सांगायचं न्हाई व्हय! ह्यो घे, सरकलो मागं. आन् त्यो बडोद्याचा फारम बी आजच भरून टाक.

कल्याणी : आवं, तुमचं तोंडच दिसंना आता.

संपत : पोरगी दिसती ना? मग झालं.